दत्ताराम मेस्त्रींचं टायमिंग

"कागद नुसतो धरून ऱ्हव, बाय. जीव खाऊन वडू नको," दत्ताराम मेस्त्री म्हणाले. "मी हयसून फिरवतंय. आपसूक सुटलो की माका सांग."

मी मोटारीच्या इंजिनावर कमरेपर्यंत वाकले होते आणि माझ्या दोन बोटांत सिगारेटच्या कागदाचं एक टोक होतं. मेस्त्रींनी आपली एक सिगारेट उसकटून तंबाखू पुडीत ठेवली होती आणि कागद मला दिला होता. त्याचं दुसरं टोक तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन ठिपक्यांच्या मध्ये अडकलेलं होतं. त्यांना पॉइंट म्हणतात हे मला त्याच दिवशी कळलं. पॉइंट मिटलेले असले की कागद घट्ट बसतो, उघडले की मोकळा होतो, आणि ज्या क्षणी उघडतात त्याच क्षणी इंजिनात ठिणगी पडते. मेस्त्री पान्याने काहीतरी केसभर, केसभर फिरवत होते.

"सुटलो," मी म्हटलं.

"बरां. परत बघू."

तीनदा बघितलं. तिन्ही वेळा कागद एकाच जागी सुटला. मेस्त्रींनी इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक पिन खुपसून ठेवली होती, ती आतल्या चाकाच्या खळग्यात नीट बसली आहे की नाही ते पुन्हा एकदा बोटाने चाचपलं आणि मग कुठे ते सरळ उभे राहिले. पंचेचाळिशीचा माणूस, अंगात तेलाचे डाग पडलेली बंडी, कानावर बिडीचं थोटूक. वेंगुर्ल्यापासून सावंतवाडीपर्यंत लॉरीवाले म्हणत, गाडी दत्तारामाने लावली असेल तर डोळे झाकून घाट चढावा. त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे ते लपवत नसत.

"ठिणगी वेळेआदी पडली तर इंजिन लाथ मारता," ते म्हणाले, "उशिरा पडली तर नुसतां तापता. बरोबर येळार पडली तर बग कसां गाता तां. तुजो हात हलको आसा, बाय. असोच हात व्हयो ह्येका."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझं वय सव्वीस. नवरा टायफॉइडने जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत तुला एखादी गोष्ट चांगली जमते असं कुणी मला म्हटलं नव्हतं. ही गोष्ट चौपन्न सालच्या फाल्गुनातली. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचं, आनंदीचं लग्न होतं. घरात बायका हळद कुटत होत्या. तिथून कुणी मला ऊठ म्हटलं नाही, पण मी हळदीच्या ताटाजवळ गेले की कुणालातरी नेमकं विहिरीचं पाणी हवं होई. दोनदा घागरी भरल्यावर मी काय ते समजले आणि मोटारीच्या शेडमध्ये येऊन उभी राहिले. तिथे मेस्त्रींना एका हाताची गरज होती आणि तो हात विधवेचा आहे याचं त्यांना काही वाटलं नाही.

मोटार तीस सालची फोर्ड. आमच्या वडिलांनी, ज्यांना सगळं गाव आणि आम्हीही भाई म्हणत असू, ती बेळगावच्या एका वकिलाकडून जुनी घेतली होती. वर्षातून दहा वेळा बाहेर निघे. तिचे डॉक्टर मेस्त्री आणि ड्रायव्हरही मेस्त्रीच. मुलीला कुडाळला लग्नाला न्यायचं तर स्वतःच्या मोटारीतून, ही भाईंची हौस होती. लग्न मुलाकडे होतं. मोटार गेले दोन महिने खोकत होती म्हणून मेस्त्रींनी नवे पॉइंट घातले आणि टायमिंग नव्याने लावायला घेतलं.

"आता एकच गोष्ट ऱ्हवली. ती तुका दाखवतंय," असं म्हणून मेस्त्री पुढच्या दाराकडे निघाले, तेवढ्यात मागीलदारातून काकीची हाक आली.

"जानकी, खंय मेलंस गो? न्हाणीत पाणी नाय."

मी गेले. ती राहिलेली एक गोष्ट मला नऊ वर्षांनी कळली, आणि तीही कोल्हापूरच्या परक्या माणसाकडून.

संध्याकाळी मेस्त्रींनी आणि गड्यांनी मोटार शेडबाहेर काढून अंगणात तुळशीसमोर आणून ठेवली. सगळं लावून ठेवलंय, सकाळी फक्त हँडल मारायचं, असं ते भाईंना सांगून गेले. ते गेल्यावर मी सुरंगीची फुलं काढून बसले. आमच्याकडे फाल्गुनात सुरंगी येते आणि तिचा वास घरभर पसरतो. विधवेने ओवलेली फुलं नवरीच्या केसांत जाणार नाहीत एवढी अक्कल मला होती. पण मोटारीला कुठलं आलंय सोवळं-ओवळं. आनंदी ज्या गाडीतून जाणार त्या गाडीत तरी माझ्या हातचं काहीतरी असू दे, एवढंच माझ्या मनात होतं. मी हातभर लांबीचा दाट वळेसर, सुरंगीचा गजरा, ओवला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

पहाटे घर उठायच्या आधी मी अंगणात गेले. पुढचं दार उघडलं. स्टीअरिंगच्या चाकाखाली मिशांसारख्या दोन बारीक दांड्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवी अर्ध्यावर होती. डावी मात्र अगदी वर चढवलेली. वळेसर दोन्हीवर टाकला तर तो एका बाजूने लोंबायला लागला. मला विजोड काही बघवत नाही. रांगोळीचा एक ठिपका हलला तरी मी सगळी पुसून पुन्हा काढते. मी डावी दांडी हळूच खाली ओढली. टिक टिक करत ती खाली आली. उजवीच्या रेषेत आणून सोडली, आणि वळेसर दोघींवर टाकला. आता तो मधोमध छान झोका घेतल्यासारखा बसला. मी दार लावलं आणि न्हाणीत पाणी तापवायला गेले.

सात वाजता सगळे अंगणात जमले. आनंदी मागच्या सीटवर बसली, शेजारी काकी. मालक म्हणून भाई स्वतः स्टीअरिंगवर बसले, कारण किल्ली आपण फिरवायची असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. फुलं बघून घरातल्या बायकांनी लावली असतील असं त्यांना वाटलं असणार. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. गाडी निघताना माझं तोंड पुढे नको, हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं.

मेस्त्री धुतलेला सदरा घालून मोटारीपुढे हँडल धरून उभे होते. घरातल्या वडीलधाऱ्या भिकाजीकाकांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरचां चेडू परक्या घराक जाता हा. वाटेर काय आडवां-तिडवां आसात तां बाजूक कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ही गाडी जशी सुकाची जाता तशीच सुकाची परत येऊ दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मेस्त्रींनीही हँडल पायाशी टेकवून हात जोडले होते. नारळ फुटला. भाईंनी किल्ली फिरवली. एरवी मेस्त्री हँडल बेताने वर उचलत, अर्धाच फेरा. त्या दिवशी समोर साठ माणसं होती आणि आदल्या दिवशी तीनदा तपासलेलं टायमिंग होतं. त्यांनी पुरता फेरा घेतला.

मोटार एकदाच दणकली आणि हँडल उलटं फिरलं. त्याच्यामागून एक आवाज आला. सुकी काटकी पायाखाली मोडावी तसा. मला आधी वाटलं गाडीचंच काहीतरी मोडलं. मग मेस्त्री खाली बसलेले दिसले. उजवा हात मनगटाच्या वर वाकला होता, जिथे हात वाकत नाही तिथे.

भिकाजीकाकांच्या हातातलं नारळाचं पाणी बोटांमधून गळत होतं आणि ते तसेच उभे होते. माझ्या हातातलं पातेलं कधी पडलं ते मला कळलं नाही, आवाज ऐकून मी खाली बघितलं. मेस्त्री आपल्या हाताकडे बघत नव्हते. ते इंजिनाकडे बघत होते.

"माजां टायमिंग चुकलां," ते म्हणाले. मग पुन्हा, कुणाला तरी पटवावं तसं, "टायमिंग चुकलां माजां."

काकी गाडीतून उतरली आणि तिने पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. लग्नघरात काही मोडलं की पहिली नजर कुठे जाते ते मला पाठ होतं.

"काल ही थय हुती," काकी म्हणाली. "इंजिनात हात घालून हुती. मी माज्या डोळ्यांनी बघलंय."

मला तो कागद आठवला. आपण उशिरा तर सांगितलं नाही, आपला हात हलला तर नाही. मेस्त्रींना दोन माणसं उचलत होती. वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मान वळवली.

"बायन कायएक करूक नाय," ते म्हणाले. "टायमिंग मी एकट्यान लावलंय. तिचां नाव घेव नुको."

त्यांना डॉक्टरांकडे नेलं. नवरी बाजारातल्या अब्बासच्या लॉरीतून कुडाळला गेली, शालू नेसून, काजूच्या पोत्यांवर सतरंजी टाकून. मुहूर्त चुकला, दुपारचा दुसरा धरला. त्या गडबडीत मी मोटारीचं दार उघडलं, वळेसर ओढून काढला आणि पदराखाली लपवून गोठ्यात नेऊन टाकला. कुणी विचारलं असतं की हा कुणी बांधला, तर माझी धडगत नव्हती. दांड्यांकडे मी बघितलंही नाही. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं. मेस्त्रींनीच म्हटलं होतं, त्यांचं चुकलं म्हणून. मी तेवढं घट्ट धरून ठेवलं.

आनंदीचं पुढे काही वाईट झालं नाही. नवरा चांगला निघाला, चार मुलं झाली, आता तर ती माझ्याहून जाडी आहे. अपशकुनाचं असं असतं. पण भाईंची इभ्रत साठ माणसांसमोर गेली होती. त्यांनी मोटार ढकलत शेडमध्ये नेली, तिच्यावर शिडाचं जुनं कापड घातलं आणि शेडला कुलूप लावलं. पुन्हा उघडलं नाही.

मृगाच्या आधी, मेस्त्री फाटकाशी आले. हाताचं प्लास्टर निघालं होतं आणि हात वाकडाच सांधला होता. मी ओट्यावर कोकमं वाळत घालत होते.

"भाईनू, एकदा गाडी बघूक देवा," ते म्हणाले. "पिन घालून बघतंय आनि जातंय. खंय चुकलां तां माका समजाक व्हयां."

"तुजां टायमिंग आमी सगळ्यांनी बघलां," भाई म्हणाले. "हय परत पाय घालू नको."

मेस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी कोकमं उलटी करायला लागले, जी नुकतीच उलटी केली होती. भाईंना मी सांगू शकले असते, बघू द्या त्यांना, पाच मिनिटांचं काम आहे. भाई रागावले असते, जास्तीत जास्त जेवले नसते. पण गाडी उघडली तर कागदाचं निघेल आणि कागदावरून माझं नाव निघेल, या भीतीने मी कोकमांवरून मान वर केली नाही. ते फाटक लावून गेले. मी भ्याडपणा केला. याला दुसरा शब्द नाही.

बाजारात तोवर नवी म्हण तयार झाली होती. दूध उतू गेलं, दत्तारामाचं टायमिंग. लाँच चुकली, दत्तारामाचं टायमिंग. ज्या शब्दांनी लॉरीवाले त्यांची वाहवा करायचे तेच शब्द आता पोरंसोरं थट्टेला वापरू लागली. लोकांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मग कळलं की मेस्त्री बिऱ्हाड घेऊन सासुरवाडीला, पिंगुळीकडे गेले आणि तिथे भाताच्या गिरणीवर कामाला लागले. एकदा माझी खीर करपली तेव्हा मीही हसत म्हणाले होते, दत्तारामाचं टायमिंग. तोंडातून गेलं आणि मग दिवसभर मला जेवण गेलं नाही.

भाई बासष्टच्या अखेरीस गेले. मुंबईहून भावाचं पत्र आलं, मोटार विकून टाक. कोल्हापूरच्या कुणा हौशी गृहस्थाला जुन्या गाड्यांचं वेड होतं, त्यांनी आपला मेकॅनिक पाठवला. मी तेव्हा घरातच मुलींना शिवण शिकवत असे. वर्ग सोडून मी शेडचं कुलूप उघडायला गेले. त्या माणसाने शिडाचं कापड ओढलं, धूळ बसेपर्यंत थांबला, दार उघडलं आणि हसला.

"बाईसाहेब, ही कुणी ठेवली अशी?"

"काय?"

"ही दांडी." त्याने डाव्या दांडीवर बोट ठेवलं. "ही ठिणगीची. वर असली की ठिणगी उशिरा, खाली आणली की लवकर. गाडी सुरू करताना पार वर पाहिजे. पळायला लागली की मग खाली घ्यायची. अशी अर्ध्यावर ठेवून कुणी हँडल मारलं, तर हात जाग्यावर राहायचा नाही त्याचा."

मी दाराला धरलं.

"आणि ती दुसरी?"

"ती नुसती पेट्रोलची. तिचं काय नाही."

तो आपल्या कामाला लागला. दिवसभर त्याने टाकी धुतली, तेल ओतलं, पॉइंट घासले. दुपारी इंजिनाच्या पुढे वाकून त्याने पिन खुपसली, झाकण काढून आत बघितलं आणि शीळ घातली.

"टायमिंग कुणी लावलंय हो हे? तंतोतंत आहे. नऊ वर्षं पडलेल्या गाडीचं एवढं नीट टायमिंग मी बघितलं नाही. कोण होता हा माणूस?"

संध्याकाळी त्याने बॅटरी जोडली, दांडी वर सारली आणि हँडल मारलं. तिसऱ्या हँडलला मोटार लागली. धुराचा लोट निघाला, मग आवाज स्वच्छ झाला. मेस्त्री म्हणाले होते तशी ती गात होती. मी शेडच्या जमिनीवर बसले. मेकॅनिकने घाबरून पाणी आणलं. मला एवढंच दिसत होतं की माझी दोन बोटं ती दांडी खाली आणताहेत, टिक टिक, उजवीच्या रेषेत. कागद बरोबर होता. पिन बरोबर होती. माणसाचा हात मी मोडला होता, विजोड दिसतं म्हणून.

आणि मग दुसरं काही सुचलं, ज्याने मला रडूच आलं. मेस्त्रींना हे ठाऊक असणार. एवढा जाणता माणूस, त्याला एका दणक्यात कळलं असणार की दांडी हलली आहे. तरी त्यांनी मला वाचवायला सगळं स्वतःवर घेतलं. तिचं नाव घेऊ नका, म्हणाले. नऊ वर्षं गावाची थट्टा सोसली आणि तोंड उघडलं नाही. सकाळच्या एसटीत बसून मी पिंगुळीपर्यंत वाक्यं जुळवत होते, अशा माणसाच्या पायांवर डोकं ठेवताना काय बोलायचं त्याची.

गिरण शोधावी लागली नाही. भाताच्या गिरणीचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. दारात पाचसहा बायका हारे घेऊन उकिडव्या बसल्या होत्या. आत कोंड्याच्या धुळीत मेस्त्री डाव्या हाताने भात ओतत होते. केस पांढरे झाले होते. उजवा हात त्यांनी पोटाशी धरला होता. त्यांनी मला ओळखलं, आणि भाई गेल्याचं ऐकलं म्हणून सांगितलं, असं त्यांच्या ओठांवरून वाटलं. इंजिनापुढे काही ऐकू येत नव्हतं.

"मेस्त्रीनू, माका तुमच्याकडे बोलूचां आसा," मी ओरडले.

"ह्यां डिझेल," ते इंजिनाकडे हात करून ओरडले. "ह्येका ठिणगी नसता. टायमिंगाचो ताप नाय."

मी दांडीचं ओरडून सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी जाऊन इंजिन बंद केलं. पट्टा फटफटत थांबला. बाहेरच्या बायका कुरकुरल्या.

"काय म्हनालंस? दांडी?"

मी सगळं सांगितलं. वळेसर, पहाट, विजोड दिसणं, सगळं. शेवटी म्हटलं, "तुमका ठावक हुतां. तरी तुमी माका सांभाळलास."

मेस्त्री माझ्याकडे बघत राहिले.

"काय ठावक हुतां?"

तेव्हा मला कळलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. कागदाचं बालंट माझ्यावर येऊ नये एवढंच त्यांनी त्या दिवशी बघितलं होतं. बाकी जे म्हणाले ते त्यांना खरंच वाटत होतं. नऊ वर्षं ते खरं मानून हा माणूस इथे कोंड्यात उभा होता.

"दांडी खंय हुती म्हनतंस?"

"अर्ध्यार."

"डावी?"

"डावी."

"आनि पिन घालून बघल्यान तेना?"

"बघल्यान. म्हनालो, तंतोतंत आसा."

"कोन म्हनालो?"

"कोल्लापूरचो मेकॅनिक."

ते पोत्यावर बसले. डाव्या हाताने त्यांनी तोंडावरची धूळ पुसली, ती आणखी पसरली.

"मी रोज लावतंय तां टायमिंग," ते म्हणाले. "मनात. निजताना. पिन घालतंय, कागद धरतंय. रोज बरोबर येता. मगे मी म्हनतंय, मेल्या, तुका समाजनाच नाय, म्हनान तुका बरोबर दिसता." मग म्हणाले, "हँडल मारूच्या आदी मी दांडी बघूची हुती. ती माजी चूक. साठ मानसां बघून मी बघूक नाय. पन टायमिंग बरोबर हुतां."

"मेस्त्रीनू, माका माफ करा," मी म्हटलं.

ते त्यांनी ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. ते उठले आणि मागच्या दारातून हाक मारली.

"यशोदा, हयसर ये गो."

त्यांची बायको सूप घेऊनच आली. बारीक, काळी, कपाळावर कोंडा.

"ही वेंगुर्ल्याच्या भाईंची जानकी. बाय, हिका सांग."

मी यशोदाबाईंना सांगितलं. मघापेक्षा कठीण गेलं, कारण त्या माझ्या तोंडावरून नजर काढत नव्हत्या. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "पान्यांची पेटी इकली आमी. पयल्याच वर्साक. ह्ये म्हनाले, माज्याकडे ती शोभना नाय." मग सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "फाटकार इल्ले तेवा तू थय हुतंस?"

"हुतंय."

"आनि काय एक बोलूक नाय?"

"नाय."

त्यांनी पाठ फिरवली. जाऊन भिंतीशी बसल्या, मेस्त्रींच्या जवळ. मला वाटलं होतं शिव्या देतील, हाताला धरून बाहेर काढतील. त्यापेक्षा ते सोपं गेलं असतं. मी निघायला म्हणून पदर सावरला.

"थांब," मेस्त्री म्हणाले. त्यांनी दारातल्या बायकांना आत बोलावलं. "तुमी आयकलास? नाय? बाय, तेंका पन सांग."

मी त्या बायकांकडे बघितलं. त्यांतल्या दोघी कुडाळच्या बाजूच्या होत्या, आठवडी बाजाराला जाणाऱ्या. इथे सांगितलं म्हणजे रविवारपर्यंत वेंगुर्ल्याला पोचणार, काकीच्या कानावर जाणार, माझ्या शिवणाच्या मुलींच्या आयांच्या कानावर जाणार. विधवेने नवरीच्या गाडीला हात लावला होता आणि हात मोडला, हे आता गावाला खरोखरच सांगता येणार होतं. मेस्त्रींना ते समजत नव्हतं असं नाही. ते माझ्याकडे बघत थांबले होते.

मी सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. एकीने मध्येच विचारलं, "आनि मगे टायमिंग?" मी म्हटलं, टायमिंग बरोबर होतं. मेस्त्रींनी मान हलवली.

एवढ्यात सायकलवर भाताचं पोतं लादून एक माणूस आला आणि दारातूनच ओरडला, गिरण कित्याक बंद, म्हणून. मेस्त्रींनी त्याला पोतं खाली ठेवायला लावलं आणि बसायला उलटा हारा पुढे केला.

"बस. ही बाय काय सांगता तां आयक."

मी चौथ्यांदा सुरुवात केली. मेस्त्री बंद इंजिनापाशी उभे होते, वाकडा हात दुसऱ्या हातात धरून, आणि माझा शब्दन् शब्द तपासत होते. मी शेवटापर्यंत आले आणि थांबले.

"कितव्या हँडलाक लागली तां सांगूक नाय तू," ते म्हणाले.

"तिसऱ्या," मी म्हटलं.